चाकांवरचे घर गार कसे ठेवावे?
(उन्हाळी सुटीसाठी विज्ञानाचा एक पाठ)



वार्षिक परीक्षा आटोपली की ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा तिकडे केव्हा जायचे?" तिकडे म्हणजे कुणाचे काका पुण्याला, कुणाची मावशी नाशिकला, कुणाचे आजोळ कोकणात. लग्नसराई आणि आंब्याचे दिवस असल्यामुळे बहुतेक प्रवास नेमका मे महिन्यात होतो. आगगाडीची आरक्षणे मिळत नाहीत, म्हणून अलीकडे चार-दोन कुटुंबे मिळून मोठी गाडी भाड्याने घेतात. काही जण तर झोपायला बाक, छोटा ओटा आणि शीतकपाट असलेली घरगाडी आणतात. हिलाच कॅराव्हॅन म्हणतात. हौस म्हणून ही कल्पना छान आहे. परंतु मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. अशा उन्हात पत्र्याच्या पेटीत बसून जायचे, तर त्या पेटीचे विज्ञान ठाऊक असलेले बरे.

हा पाठ आम्ही का लिहीत आहोत, तेही प्रांजळपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही विज्ञानाच्या तीन शिक्षिका आपापल्या घरच्या मंडळींसह अशाच घरगाडीतून नाशिकला लग्नाला निघालो होतो. शिवपुरी मागे टाकून भर दुपारी एका ढाब्यापाशी जेवायला थांबलो. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचे गुडघे दुखत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवून या गं, मी इथेच जराशी पडते." आम्ही काचा दोन-दोन बोटे खाली केल्या, इंजिन बंद केले आणि गेलो. वातानुकूलन यंत्र इंजिनावर चालणारे होते, तेही अर्थातच बंद झाले. वीसएक मिनिटांनी आजींसाठी ताक घेऊन परत आलो, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्या विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत होत्या. त्यांना तातडीने कडुनिंबाच्या सावलीत आणले, अंगावर पाणी ओतले, पंख्याने वारा घातला आणि तसेच दवाखान्यात नेले. वेळेवर उपचार झाले म्हणून आजी वाचल्या. वर्गात आम्ही दरवर्षी उष्णतेचे संक्रमण शिकवतो. गाडीचे दार लोटून घेताना त्यातले एक अक्षर आम्हाला आठवले नाही.

गाडी म्हणजे सूर्यचूल

प्रयोगशाळेतली सूर्यचूल तुम्ही पाहिली आहे. आतून काळी पेटी, वर काचेचे झाकण. तिच्यात डाळ-तांदूळ शिजतात. उन्हात बंद करून उभी केलेली गाडी ही अशीच एक चूल आहे.

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो आणि बाकांवर, जमिनीवर, सुकाणूवर पडतो. या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही प्रारणे बाहेर टाकतात, पण ती अधिक लांब तरंगलांबीची, अवरक्त असतात. काच ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय आतली तापलेली हवा कोंडलेली असल्यामुळे अभिसरणानेही उष्णता बाहेर पडत नाही. येण्याची वाट मोकळी आणि जाण्याची अडलेली, म्हणून आतला पारा चढत जातो.

तो किती वेगाने चढतो? अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंद मोटारींच्या आतले तापमान मोजले होते. तासाभरात ते सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढले आणि या वाढीचा सुमारे 80 टक्के भाग पहिल्या 30 मिनिटांतच झाला. काचा थोड्याशा उघड्या ठेवून पाहिले, तरी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे आमची 'दोन बोटे' काही कामाची नव्हती.

थोडे गणित करू

मे महिन्यात निरभ्र आकाशातून भर दुपारी जमिनीच्या एक चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट एवढी सौरऊर्जा पडते. घरगाडीचे छत 6 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ 12 चौरस मीटर. म्हणजे एकट्या छतावर 12,000 वॅट, अर्थात 1000 वॅटच्या बारा इस्त्र्या एकदम लावल्यासारखे ऊन पडते.

छत गडद रंगाचे असेल तर त्यातले जवळजवळ नऊ-दशांश शोषले जाते. छत स्वच्छ पांढरे असेल तर साधारण पाव हिस्सा शोषला जातो, बाकीचे परावर्तित होते. गडद छतावर अकरा इस्त्र्या आणि पांढऱ्यावर तीन, एवढा हा फरक आहे. शोषलेली सगळी उष्णता आत येते असे नाही. पुष्कळशी वरच्या वाऱ्याबरोबर जाते, उरलेली पत्र्यातून वहनाने आत झिरपते. त्यात माणसांची भर पडते. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. आठ माणसे म्हणजे 800 वॅट.

आता वातानुकूलन यंत्राकडे पाहू. दुकानात 'एक टनाचे यंत्र' म्हणतात, तेव्हा ते यंत्राचे वजन नसते. 2000 पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता ते यंत्र बाहेर टाकू शकते. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. गुणाकार करून 86,400 सेकंदांनी भागा. उत्तर येते सुमारे 3.5 किलोवॅट, म्हणजे 3500 वॅट.

छतावर 12,000 आणि यंत्राची ताकद 3500. ऊन आत येऊ द्यायचे आणि मग यंत्राने ते उपसायचे, हा हिशेब जुळणारा नाही. म्हणून या पाठाचा मुख्य नियम लक्षात ठेवा: आत आलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती दाराबाहेरच अडवणे सोपे असते.

पहिली पायरी: सावली, आणि तीही बाहेरून

गाडी शक्यतो दाट झाडाखाली उभी करावी. झाड नुसते ऊन अडवीत नाही. त्याची पाने बाष्पोच्छ्वास करतात, म्हणून ती स्वतः पत्र्यासारखी तापत नाहीत. पत्र्याची शेड मात्र तापून खाली उष्णता फेकते. थांबताना सावली आता कुठे आहे एवढेच पाहून भागत नाही, तासाभराने ती कुठे सरकेल हेही पाहावे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे जातो आणि सावली पूर्वेकडे सरकते.

झाड नसेल तर दिशा साधावी. ग्वाल्हेर सुमारे 26 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा सगळा मारा छतावर होतो. दुपारनंतर तो पश्चिमेच्या बाजूवर होतो. म्हणून गाडी पूर्व-पश्चिम उभी करावी आणि तोंड पूर्वेकडे ठेवावे. तसे केल्याने गाडीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण येतात, पश्चिमेला फक्त अरुंद पाठ राहते आणि समोरची मोठी काच दुपारच्या उन्हातून सुटते.

काचांना पडदे लावायचे तर आतून की बाहेरून? बहुतेक जण आतून लावतात. आतल्या पडद्यावर ऊन पडते तेव्हा ते काचेच्या आत शिरलेलेच असते. पडदा तापतो आणि ती उष्णता आतल्या हवेला देतो. बाहेरून चादर किंवा चटई टाकली तर तापलेली चादर आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देते. आतून लावायचेच असेल तर चकचकीत किंवा पांढरी बाजू काचेकडे करावी, म्हणजे निदान काही प्रकाश परत फिरेल.

छतावर सामानाची जाळी असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी तिच्यावर पांढरी जाड चादर ताणून बांधावी. चादर आणि पत्रा यांच्यात वीतभर मोकळी जागा राहिली पाहिजे. त्या फटीतून वारा वाहतो आणि चादरीची उष्णता पत्र्यापर्यंत पोचत नाही. गाडी सुरू करण्यापूर्वी ही चादर आणि काचांवरची झाकणे आठवणीने सोडून ठेवावीत.

दुसरी पायरी: कोंडलेली हवा मोकळी करा

तापलेल्या गाडीत शिरून लगेच यंत्र सुरू करू नये. आधी समोरासमोरची दारे दोन-तीन मिनिटे सताड उघडी ठेवावीत. घरगाडीच्या छताला झडप असेल तर तीही उघडावी. गरम हवा हलकी असल्यामुळे वर जमते आणि वरच्या वाटेने निघून जाते. मग दारे लावून यंत्र सुरू करावे. आत 60 अंशांची हवा असताना यंत्राला राबवण्यापेक्षा बाहेरची 44 अंशांची हवा आत घेऊन सुरुवात करणे केव्हाही बरे.

स्वयंपाक गाडीच्या आत करू नये. शेगडीची उष्णता तर वाढतेच, वर वाफेने हवा दमट होते. शीतकपाटही आतली उष्णता काढून आपल्या पाठीमागे टाकते, म्हणून त्याच्या मागची जाळी मोकळी ठेवावी.

रात्रीचा नियम उलटा आहे. सूर्य मावळला, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या खिडक्या उघडाव्यात. सकाळी ऊन चढू लागले की पुन्हा बंद करून झाकाव्यात.

नाशिकहून परतल्यावर त्या आजींना आम्ही हा नियम मोठ्या उत्साहाने सांगितला. त्या हसून म्हणाल्या, "अगं, लष्करातल्या आमच्या वाड्यात हेच करत होतो की! सकाळी नऊला दारे-खिडक्या लावायच्या, वाळ्याच्या ताट्या सोडून त्यांवर पाणी मारायचे, आणि दिवेलागणीला सगळे उघडायचे. तुम्हाला हे शाळेत शिकवावे लागते होय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. जाड भिंती, बाहेरून सावली आणि ओली ताटी, यांतली एकही गोष्ट पत्र्याच्या गाडीत नसते, हे मात्र आम्हाला तेव्हा नीट उमगले.

तिसरी पायरी: पाण्याची मदत

माठातले पाणी का गार होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. किती घेते? एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. ताशी दीड लिटर पाण्याचे बाष्पीभवन होत असेल तर ते 1000 वॅटचे काम झाले. एका तांब्याभर पाण्याने एक इस्त्री बंद केली म्हणायची!

पण हे कुठल्या हवेत घडेल, याला महत्त्व आहे. आपल्याकडची लू कोरडी असते. तापमान 44 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातल्यावर पारा सुमारे 23 अंशांपर्यंत उतरतो. चांगला कूलर त्या हवेत 30 अंशांच्या जवळपासची झुळूक देऊ शकतो. आता कोकणातली हवा घ्या. तापमान 34 अंश, आर्द्रता 70 टक्के. तिथे ओल्या फडक्याचा पारा 29 अंशांच्या खाली जात नाही. म्हणूनच ग्वाल्हेरला गार वाटणारा कूलर कोकणातल्या आजोळी नुसता चिकचिकाट करतो. तिथे उघडी खिडकी आणि पंखा बरा.

घरगाडीत छोटा कूलर लावला तर समोरची एक खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे. बंद गाडीत थोड्याच वेळात हवा दमट होते आणि बाष्पीभवन मंदावते. कूलर नसेल तर वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला ओले गोणपाट किंवा पंचा बांधावा. नुसत्या पंख्यावर मात्र विसंबू नये. हवा 40 अंशांच्या वर असेल तर पंखा वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. इतक्या तापलेल्या हवेचा झोत अंगाला उलट उष्णता देतो.

चौथी पायरी: चाके वापरा

घराला नसलेली एक सोय घरगाडीला आहे. ती हलवता येते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात घरगाड्यांतून राहणारे पुष्कळ लोक आहेत. तिथल्या फीनिक्स शहरात 2023 साली जूनअखेरीपासून सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. तिकडे हिवाळ्यात मुक्कामाला आलेली मंडळी उन्हाळा लागताच गाडी हाकून उत्तरेकडे किंवा डोंगरात निघून जातात. समुद्रसपाटीपासून 1000 मीटर वर गेले की हवा साधारण 6 ते 7 अंशांनी थंड होते. आपल्याकडे पचमढी किंवा चिखलदऱ्याला मुक्काम करणारे हेच साधतात.

डोंगर वाटेत नसेल तर वेळ बदलावी. पहाटे चारला निघावे, अकरापर्यंत अंतर कापावे, दुपारी चारपर्यंत एखाद्या पक्क्या इमारतीत किंवा धर्मशाळेत विसावा घ्यावा. गाडीत बसून दुपार काढू नये.

जिथे चूक चालत नाही

वरच्या पायऱ्यांत थोडे कमीजास्त झाले तर फक्त घाम येईल. पुढच्या गोष्टींत मात्र जिवाशी गाठ आहे.

1. उभ्या, बंद गाडीत मूल, वृद्ध, आजारी माणूस किंवा पाळीव प्राणी यांना पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते.

2. यंत्र चालू राहावे म्हणून इंजिन सुरू ठेवून, काचा लावून गाडीत झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. जनरेटरही गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा.

3. लायटर, फवाऱ्याचे डबे, भ्रमणध्वनीच्या बॅटऱ्या आणि औषधे तापत्या गाडीत सोडून जाऊ नये.

4. उन्हाने कोणी बरळू लागले, अडखळू लागले, अंग चटका बसेल इतके तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. 108 क्रमांकावर फोन करावा आणि गाडीची वाट पाहत बसू नये. माणसाला सावलीत आणावे, जादा कपडे काढावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि मानेशी ओली फडकी ठेवावीत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा पन्हे घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

करून पाहा

बिस्किटांचे तीन सारखे पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून काजळी फासा, दुसऱ्याला चुना लावा. तिसऱ्यालाही काजळी फासा, पण त्याच्यावर वीतभर उंचीवर चार काड्यांच्या आधाराने पांढरे कापड ताणा. तिन्ही डब्यांत प्रयोगशाळेतला तापमापक ठेवा. ताप मोजायचा तापमापक वापरू नका, तो फुटेल. अर्धा तास उन्हात ठेवून दर पाच मिनिटांनी पारा वाचा आणि आलेख काढा. स्वतः टोपी घालून सावलीत बसा, फक्त पारा वाचायला उन्हात जा.

स्वाध्याय

1. तुमच्या गाडीचे छत किती चौरस मीटर आहे? भर दुपारी त्यावर किती वॅट ऊन पडेल?
2. आतल्या आणि बाहेरच्या पडद्यातला फरक आकृती काढून समजवा.
3. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की विजेचा पंखा येण्यापूर्वी उन्हाळ्याच्या दुपारी घर कसे गार ठेवीत. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. प्रत्येक उपायापुढे वहन, अभिसरण, प्रारण की बाष्पीभवन, हे नोंदवा.

शेवटी एक काम. आपल्या शाळेच्या बसमध्ये शेवटच्या थांब्यावर उतरणाऱ्या मोठ्या मुलांनी उतरण्यापूर्वी मागच्या बाकापर्यंत चालत जावे आणि कुणी लहानगे झोपून राहिले नाही ना, हे पाहावे. प्रवासातही गाडीचे दार लावण्यापूर्वी माणसे मोजावीत. आम्ही आता न चुकता मोजतो.